काजूची बाग, अस्वल आणि मोबाईलचा कॅमेरा

"काका, लई बारीक दिसूलालंय ओ."

हे वाक्य मी शेजारच्या बागेच्या बांधावर ऐकलं. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे, रानाला लागून आमच्या काजूच्या बागा आहेत. मार्च महिना, सकाळचे सात वाजले असतील. बांधापलीकडे अस्वल बोंडू, म्हणजे काजूची फळं, खात होतं आणि गावातली चार पोरं मोबाईल समोर धरून एकेक पाऊल पुढे टाकत होती. त्यातल्या एकाचे काका मागून ओरडले, "आरं थांब की! फुडं कुठं जाऊलालास?" त्यावर पोरानं मागे न बघता हे उत्तर दिलं. अस्वलानं मान वर केली, हवेत नाक फिरवलं आणि ते झाडीत निघून गेलं. कुणाला काही झालं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण पोरगं खरंच बोलत होतं. मोबाईलमध्ये अस्वल बारीकच दिसतं. ते तसं का दिसतं हे समजलं, तर आपली पावलं आपोआप पुढे का पडतात तेही समजतं.

मोबाईलचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपण्यासाठी बनवलेला असतो. लग्नातली सगळी पंगत एका फोटोत मावावी, हे त्याचं काम. फोटोग्राफीच्या भाषेत त्याची लेन्स साधारण २६ मिलिमीटरची धरा. अशा लेन्सनं ३० मीटरवरचं दृश्य घेतलं, तर फोटोत जवळपास ४१ मीटर रुंदीचा पट्टा येतो. अस्वल असतं दीड मीटर लांब. म्हणजे आडव्या धरलेल्या फोनच्या पडद्यावर ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. ते अर्धा पडदा भरेल इतकं मोठं हवं असेल, तर दोन-सव्वादोन मीटरवर जाऊन उभं राहावं लागेल! तोच ३० मीटरवरचा फोटो ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं घेतला, तर पट्टा पावणेतीन मीटरचाच येतो आणि अस्वल अर्ध्याहून जास्त चौकट भरतं. वन्यजीवांचे फोटो काढणारे ती तोफेसारखी लेन्स खांद्यावर वाहतात ती याचसाठी, जागचं हलावं लागू नये म्हणून. मोबाईलवाल्याला ते काम पायांनी करावं लागतं. पडदा चिमटीत ताणून चित्र मोठं केलं तरी पहिल्या दोन-तीन पटींनंतर ते पुसट व्हायला लागतं, मग पुन्हा एक पाऊल पुढे. डोळे पडद्यावर असतात. पडद्यावर ते लांब वाटतं. प्रत्यक्षात ३० मीटर अंतर अस्वल चार-पाच सेकंदांत कापतं.

आता हे अस्वल कोणतं आणि ते असं का वागतं, ते जरा निवांत सांगतो. खरा विषय तोच आहे.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं रान म्हणजे भीमगड अभयारण्य आणि त्याच्या भोवतालचा डोंगरपट्टा. अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, वर चंदगड-तिलारीचा भाग. प्राण्यांच्या लेखी हे सगळं एकच रान, राज्यांच्या हद्दी आपल्यासाठी. या रानाच्या पोटात गवाळी, पास्टोळी, कोंगळा, आमगाव, देगाव अशी मराठी बोलणाऱ्यांची गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे अस्वल वस्तीजवळ आलं, असं आपण म्हणतो तेव्हा वस्तीही त्याच्या वाटेवरच आहे, हे ध्यानात ठेवावं लागतं.

आपल्याकडे अस्वलाची एकच जात आहे. अंगावर लांब विस्कटलेले काळे केस, तोंड फिकट राखाडी, छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पांढुरकी खूण, पुढच्या पायांना वाकड्या आकड्यांसारखी सात-आठ सेंटिमीटरची नखं. व्हॉट्सअ‍ॅपवर "खानापूर भागात अस्वल" म्हणून एखादा व्हिडिओ येतो आणि त्यातलं अस्वल गुळगुळीत केसांचं, काळ्या तोंडाचं, मोठ्या गोल कानांचं असतं. ते बहुतेक हिमालयातलं काळं अस्वल असतं, आपल्या रानात ते नाही. पुढे पाठवण्याआधी तोंडाचा रंग तेवढा बघा.

आपल्या अस्वलाचं मुख्य खाणं म्हणजे वाळवी आणि मुंग्या. जोडीला मध आणि फळं: जांभूळ, करवंद, उंबर, बोरं, बहाव्याच्या शेंगांतला गर, फणस आणि आता काजूचे बोंडू. वाळवी खाण्यासाठी त्याची सगळी शरीररचना वेगळी झाली आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन पुढचे दात नसतातच. ओठ लांब आणि सैल, नाकपुड्या पाहिजे तेव्हा मिटता येतात. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतो, तसलं दगडासारखं घट्ट वारूळ ते नखांनी फोडतं, तोंड आत घालून फुंकरीनं माती उडवतं आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. त्या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. खराब झालेला पंप हवा ओढतो ना, तसाच काहीसा.

धोक्याचं मूळ इथे आहे. ज्याचं तोंड वारुळात आणि कानात स्वतःचाच घरघराट, त्याला आपली चाहूल लागत नाही. नाक फार तिखट, पण नजर कमजोर. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असेल तर नाकाचाही उपयोग नाही. माणूस पंधरा पावलांवर आला की त्याला एकदम कळतं, आणि तेव्हा पळून जाण्याएवढं अंतर उरलं नाही असं त्याला वाटतं. हरीण पळतं, डुक्कर बहुतेकदा पळतं. अस्वल अंगावर येतं. अभ्यासकांचं म्हणणं असं की हे प्राणी हजारो वर्षं वाघाबरोबर राहिले. वाघापुढे ना धूम ठोकता येते, ना झाडावर लपता येतं, म्हणून घाबरलं की आधी आपणच हल्ला करायचा ही त्यांची रीत झाली. भीमगडच्या रानात वाघ आजही फिरतो, त्यामुळे ही सवय जुनी असली तरी फुकटची नाही. माणसाला खाण्यासाठी ते येत नाही. घाबरवतं, बोचकारतं, चावतं आणि निघून जातं. पण मागच्या पायांवर उठलं की त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं, म्हणून जखमा बहुतेक चेहऱ्याला आणि डोक्याला होतात. एखादा डोळा, एखादा गाल, असं आयुष्यभराचं नुकसान होतं. वैर नसलेल्या जनावरानं ते केलं म्हणून जखम लहान होत नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. रानावर प्रेम करणारे आम्ही लोक कधी कधी जखमी माणसाची चौकशी करायची सोडून "अस्वलाची चूक नाही" एवढंच ऐकवतो. ते बरं नव्हे.

काजूच्या हंगामाचं गणित बघा. अस्वलाची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत नाहीतर दगडांच्या कपारीत जन्मतात. एक किंवा दोन, क्वचित तीन. दोन-तीन महिन्यांनी आई त्यांना घेऊन बाहेर पडते, म्हणजे बरोबर मार्चच्या आसपास. पिल्लं आईच्या पाठीवर, त्या लांब केसांना धरून बसतात. पिल्लांना असं नेहमी पाठीवर वागवणारी अस्वलाची ही एकच जात. त्याच वेळी बोंडू पिकतात आणि माणसं काजू वेचायला पहाटे अंधारात बागेत शिरतात. काजू वेचणारा खाली वाकलेला, नजर पाचोळ्यात. अस्वलही खाली वाकलेलं. दोघंही आपापल्या खाण्यात, आणि मध्ये करवंदाची एक जाळी.

म्हणून माझा आग्रह असा की बागेत चांगलं उजाडल्याशिवाय जाऊ नये आणि एकट्यानं तर मुळीच जाऊ नये. बोलत, खाकरत, काठीनं पाचोळा बडवत जावं. आमच्याकडचे गवळी लोक रानात जाताना गुरांच्या गळ्यातल्या घंटा काढत नाहीत. काठीला दोन घुंगरं बांधली तरी तेच काम होतं. कानात इअरफोन घालून काजू वेचणारी तरुण पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. गाणं ऐकायचंच तर मोबाईलच्या स्पीकरवर लावा, अस्वलालाही ऐकू जाऊ दे.

दुसरी गोष्ट बोंडूंच्या ढिगाची. गोव्याच्या बाजूला बोंडूची फेणी होते, त्यामुळे तो वाया जात नाही. आपल्याकडे बी पिळून काढली की बोंडू बागेच्या कडेला टाकून देतात. दोन दिवसांत त्याचा आंबूस वास सुटतो आणि तो वास अस्वलाच्या नाकाला लांबूनच जेवणाचं आवतण देतो. ढीग रोजच्या रोज खड्ड्यात पुरा किंवा बागेपासून लांब न्या. घराजवळच्या फणसाचंही तसंच: पिकून खाली पडायच्या आधी उतरवा, पडलेला तसाच ठेवू नका.

समोरासमोर गाठ पडलीच तर काय करायचं, याबद्दल गावात तीन-चार समजुती आहेत. एक म्हणजे उताराला पळावं, केस डोळ्यांवर आल्यानं अस्वलाला दिसत नाही. हे खोटं आहे. अस्वल उतारावरही आपल्यापेक्षा जोरात धावतं आणि आपणच घसरून पडतो. दुसरी समजूत झाडावर चढण्याची. लहानपणी ऐकलेली दोन मित्रांची गोष्ट आठवत असेल. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेऊन पडतो. त्यातला झाडावरचा मित्र वाचला तो गोष्टीत. आपलं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी उंच झाडांवर सहज चढतं. जमिनीवर पडलेल्या मित्राचं मात्र बऱ्यापैकी बरोबर होतं, फक्त तो उताणा नको होता.

नीट सांगायचं तर असं. अस्वल लांब आहे आणि त्याला आपली चाहूल लागली नाही, तर आल्या वाटेनं हळूच मागे फिरायचं. पाठ फिरवून धावायचं नाही. त्यानं बघितलं असेल तर हळू आवाजात बोलत, त्याला निघायला वाट मोकळी ठेवत मागे सरकायचं. बरोबर माणसं असतील तर सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहायचं, पांगायचं नाही. हातात लांब काठी असेल तर ती आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची; दगड मारायला जायचं नाही. आणि ते अंगावर आलंच, तर जमिनीवर पालथं पडायचं, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागे गुंफून, कोपरांनी चेहरा झाकून. पाठीवर पिशवी असेल तर तशीच राहू द्यायची. ते गेल्यासारखं वाटलं तरी लगेच उठायचं नाही. घरातल्या पोरांकडून ही झोपण्याची रीत एकदा अंगणात करून घ्या. ऐन वेळी डोकं चालत नाही, शरीर आठवणीनं वागतं.

अस्वल गावात शिरलं आणि भोवती गर्दी जमली, तर सगळे हिशोब बिघडतात. चारी बाजूंनी माणसं मोबाईल धरून उभी राहिली की त्याची परतीची वाट बंद होते. मग ते ज्या फटीतून पळेल तिथे उभा असलेला माणूस जखमी होतो, आणि तो बहुतेक वेळा फोटो न काढणारा कुणीतरी म्हातारा असतो. रानाच्या बाजूची जागा मोकळी सोडली, दिवे आणि आवाज कमी केले, कुत्री बांधली, तर अस्वल बहुधा अंधार पडल्यावर आपणहून जातं. कर्नाटक वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. आपल्यातल्या पुष्कळ आजी-आजोबांना कन्नड बोलताना अडखळायला होतं आणि त्या भीतीनं फोनच केला जात नाही. "करडी बंदिदे" एवढे दोन शब्द आणि गावाचं नाव सांगा: अस्वल आलंय, पुरे. पुढचं ते विचारतील.

आता ज्यांच्याकडे खरा कॅमेरा आहे आणि ज्यांना अस्वलाचा चांगला फोटो मनापासून हवा आहे, त्यांच्यासाठी. मलाही तो हवा असतो, त्यामुळे ही ओढ मला कळते. अस्वल हा अवघड विषय आहे, कारण तो काळा आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग समोरचं सगळं मध्यम राखाडी असणार असं धरून चालतो. अस्वलानं चौकट भरली की कॅमेरा म्हणतो, फार अंधार आहे, आणि प्रकाश वाढवतो. काळे केस धुरकट राखाडी होतात. तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करावं लागतं. उलट अस्वल लहान आणि मागे उजळ गवत किंवा आकाश असेल, तर कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि अस्वल म्हणजे नुसता काळा डाग उरतो. तेव्हा एक्स्पोजर वाढवायचं. फोकसची पण तीच अडचण. काळ्या केसांवर उजेड-सावलीचा फरक नसल्यानं कॅमेरा चाचपडत राहतो, म्हणून फिकट तोंडावर किंवा छातीच्या खुणेवर फोकस धरावा. आणि हे सगळं निदान शंभर मीटरवरून, मध्ये गाडी किंवा भिंत ठेवून. रात्री फ्लॅश आणि टॉर्च नकोच.

कायद्याचंही नीट समजून घ्या. अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंक्तीत. अभयारण्यात फोटोसाठी शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पण फारसं कुणाला माहीत नसलेली गोष्ट अशी की या कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. जनावराला हाकून काढणं, त्याला आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं, हेही त्या व्याख्येत येतं. फोटोसाठी बांधावर गूळ किंवा पिकलेला फणस ठेवणारा माणूस कुठे उभा आहे, ते यावरून कळेल. शिवाय एकदा माणसाच्या हातचा गूळ खाल्लेलं अस्वल दुसऱ्या दिवशी गूळ ठेवणाऱ्याकडेच जाईल असं नाही. ते शेजारणीच्या चुलीपाशी जाईल.

होस्पेटजवळ दरोजी इथे १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य झालं. तिथे दुपारनंतर मनोऱ्यावर बसून समोरच्या खडकांवर उतरणारी अस्वलं बघता येतात, लांब लेन्सनं मनाजोगते फोटो मिळतात. बेळगावहून एका मुक्कामात होणारी ही सहल. ज्यांना अस्वलाचं तोंड जवळून बघायची ओढ आहे त्यांनी तिथे जावं, आमच्या काजूच्या बागेत येऊ नये.

रानातल्या झाडांना गुडघाभर उंचीवर बांधलेल्या पेट्या दिसतात, ते वनखात्याचे कॅमेरा ट्रॅप. समोरून ऊबदार शरीर सरकलं की त्यातला सेन्सर जागा होतो आणि आपोआप फोटो निघतो. काही पेट्यांचा रात्रीचा उजेड डोळ्याला न दिसणारा असतो. वाघ मोजायला ते लावतात, अस्वलंही त्यात येतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, अस्वलाला पट्टे नाहीत, त्यामुळे काल आलेलं आणि आज आलेलं एकच की दोन हे सांगणं कठीण. म्हणूनच गावकऱ्यांनी दिलेली साधी माहिती, कुठे, कधी, किती, ही मोलाची असते. मात्र ती गार्डला द्या. फेसबुकवर गावाचं नाव टाकून "आत्ताच दिसलं" लिहिलं, की संध्याकाळपर्यंत गाड्या येतात.

कुणाला जखम झालीच तर रक्त वाहत असलेल्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. रक्त आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. अस्वल चावलं तरी रेबीजची लस घ्यावीच लागते, आणि अशा खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. दवाखान्यात स्वतःहून विचारा. नुकसानभरपाईसाठी वनखात्याचा पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात, म्हणून जखमेचे आणि जागेचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. मोबाईलचा कॅमेरा तिथे अगदी योग्य कामाला येतो.

आणखी एका कामाला येतो, ते म्हणजे खुणा टिपायला. फोडलेलं वारूळ, झाडाच्या सालीवरचे उभे ओरखडे, बहाव्याच्या किंवा जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा, ओल्या मातीतला ठसा. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, इतका की पहिल्यांदा बघणारा फसतो. पुढच्या पायाच्या ठशात पाचही बोटं जवळजवळ एका रेघेत आणि नखांची टोकं त्यांच्यापुढे बोटभर अंतरावर टोचलेली. शेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा, म्हणजे माप कळतं.

गेल्या हंगामात आमच्या बागेखालच्या ओढ्याला असे ठसे मिळाले. तांबड्या चिखलात एकाच मोठ्या अस्वलाची रांग. एकटंच आहे, असं मी म्हणालो, काजू वेचायला आलेल्या मावशीही तेच म्हणाल्या. रांगेच्या कडेनं पाण्यापर्यंत गेलो. जिथे अस्वल प्यायला थांबलं होतं तिथे अचानक, कुठून आले ते न दाखवता, बशीपेक्षा लहान दोन जोड ठसे सुरू झाले होते, आणि तीन-चार पावलांवर तसेच संपलेही होते. पिल्लं पाठीवरून उतरली, पाणी प्यायली, पुन्हा चढली. मी काडेपेटी ठेवून फोटो काढला, गार्डला पाठवला आणि मावशींना म्हणालो, ओढ्याकडची तीन रांग झाडं या आठवड्यात राहू देत.